पुढच्या महिन्याचा बाण

विसरभोळेपणाला कंटाळून मी बुलेट जर्नल सुरू केलं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ते बायकोच्या भीतीनं सुरू झालं. गॅसचं सिलिंडर, सोसायटीची मीटिंग आणि तिचा वाढदिवस हे सगळं मी एकाच आठवड्यात विसरलो. मग पुढचं काही विसरायच्या आत पनवेलच्या बाजारातून ठिपक्याठिपक्यांची जाड वही आणि रंगीत पेनं घेऊन आलो.

पद्धत सोपी आहे. कामापुढे ठिपका काढायचा, झालं की त्यावर फुली. महिनाअखेरीस जे राहिलं असेल त्यावर बाण काढायचा आणि ते काम नव्या महिन्याच्या पानावर पुन्हा हातानं उतरवायचं. उतरवून उतरवून वैताग आला की माणूस एक तर ते काम करून टाकतो नाहीतर कायमचं खोडतो, असा त्यामागचा विचार. मला वैताग आलाच नाही. माझं अक्षर सुरेख आहे. 'कर्नाळा किल्ला चढणे' ही ओळ मी इतक्या वळणदारपणे लिहीत आलोय की लिहितानाच दम लागावा.

"शाळेत एवढी मेहनत घेतली असतीत," बायको म्हणाली, "तर आज साहेब झाला असता."

साहेब नाही, मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून आहे. आमच्या ऑफिसात फाइल पुढच्या टेबलाकडे सरकली की तिच्या कव्हरवर बाण काढतात. बाण काढला की विषय संपला. त्यानंतर त्या फाइलचं लग्न लागो की तेरावं होवो, आपण मोकळे. इतक्या वर्षांत हे अंगात असं मुरलंय की बाण काढला की माझे खांदे आपोआप सैल पडतात. वहीतही पडायचे. फक्त इथे पुढच्या टेबलावरही मीच बसलोय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या महिन्याच्या पानावर एक ठिपका होता: 'आईला कानाच्या डॉक्टरकडे नेणे'.

आईचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. वडील गेल्यापासून ती नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटमध्ये राहते. गावात तिची एकच बहीण उरली होती, माझी मावशी. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या. कोळंबी काय भावानं मिळाली इथून सुरू करून अख्ख्या गावाची सालं काढायच्या. हळूहळू आईला ऐकू येईना. "मना काय कलत नाय रं," ती म्हणायची आणि फोनकडे असं बघायची, जणू त्यानंच अबोला धरलाय. स्पीकर मोठा करून पाहिला. मावशीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जायचा, आईपर्यंत नाही. शेवटी आईनं स्वतःची युक्ती काढली. मावशी काहीही बोलली की म्हणायचं, "बरा हाय, बरा हाय."

पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑफिसची बस अडकली की मी वही उघडायचो. महिना संपला की आईच्या कानावर बाण काढायचो, खांदे सैल, आणि नवं पान आखायला घ्यायचो.

एका संध्याकाळी मी हॉलमध्ये बसून सवयींच्या तक्त्यात 'भरपूर पाणी पिणे'चे चौकोन निळे करत होतो. पाणी प्यायचं राहिलंच होतं, ते वेगळं. स्पीकरवर मावशी होती. "बाय, एकदा येऊन जा. माजा काय खरा नाय आता."

"बरा हाय, बरा हाय," आई म्हणाली.

मी ऐकलं. ऐकून स्वस्थ बसलो असं कोणी म्हणू नये. मी लगेच पेन बदललं आणि ठिपका काढून लिहिलं, 'आईला मावशीकडे घेऊन जाणे'. लाल शाईनं. महिनाअखेरीस त्यावरही बाण आला.

नव्या पानावर तो ठिपका असतानाच मावशी गेली.

त्यानंतर मी इतका धडाडीचा झालो की विचारू नका. बाराव्याच्या आत आईला डॉक्टरकडे नेलं, तपासणी केली, मशीन घेतलं. दोन फेऱ्यांत काम फत्ते. फुली मारली तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं.

बाराव्याला आई मशीन लावून मावशीच्या घरी बसली होती. मावशीची सून तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "तिना तुमची लय वाट बघली. फोनवर बोलली व्हती ना तुमाला, येऊन जा. तुमी बरा हाय म्हनलाव."

इतक्या महिन्यांत आईला स्पष्ट ऐकू आलेलं हे पहिलं धड वाक्य. मी समोर पत्रावळ्या मांडत होतो. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"तू घरान व्हतास ना तवा?"

"होतो."

तिनं कानातलं मशीन काढलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि पानावर बसली.

घरी आल्यावर ते तिनं टीव्हीखालच्या खणात ठेवलं. पुन्हा कानाला लावलं नाही. आम्ही बोललो की ती हसून म्हणते, "बरा हाय."

माझं जर्नल चालू आहे. लोकांची वही महिन्याभरात माळ्यावर जाते, मला मात्र सवय लागली. 'आईचं मशीन चार्ज करणे' असा एक रकाना आखलाय. त्यातला एकही चौकोन रिकामा नाही.