चाचांच्या स्क्रीनच्या कडा

आमच्या ऑफिसात कोणाचाही कॉम्प्युटर अडला की हाक मला यायची. माझं काम ड्राफ्टिंगचं, म्हणजे इंजिनिअरने दिलेल्या कच्च्या आराखड्यावरून कारखान्यांच्या, गोदामांच्या शेड्सची पक्की ड्रॉइंग्ज काढण्याचं. पण पुण्यात डिप्लोमा करताना सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधून काढायची सवय लागली होती, ती इथे उपयोगी पडली. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली की फॉन्ट सापडत नाहीये. तुटक रेषा सलग दिसायला लागली की स्केल चुकलंय. फाइल उघडतच नसेल तर तिची मागची प्रत शोधायची. पाच-सात मिनिटांत काम व्हायचं आणि समोरचा माणूस "थँक यू सिस्टर" म्हणायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ऑफिस दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बॉस सीरियन, बाकी आम्ही आठजण. त्यात मराठी बोलणारे दोघंच, मी आणि चाचा. चाचा रत्नागिरीकडचे. सगळं ऑफिस त्यांना चाचाच म्हणायचं, बॉससुद्धा. इथे आले तेव्हा कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढत नव्हते. उभ्या बोर्डावर, शाईच्या पेनाने काढायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता दुबईत मोठ्या पदांवर आहेत. पत्नी आणि मुली गावी. चाचा अल नहदात एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन एकटे राहायचे. मीही अल नहदातच राहते. माझा नवरा अबुधाबीला नोकरीला, आठवडाभर तिकडेच असतो. त्यामुळे चाचांच्या गाडीतून जाणं-येणं ठरून गेलं होतं. मला ते "बाय" म्हणायचे, मुलीला म्हणतात तसं.

चाचांचा कॉम्प्युटर अडायला लागला तो साधारण तीन वर्षांपूर्वी.

पहिल्यांदा म्हणाले, "बाय, ही फाइल लटकली गो. काय केल्या हलत नाय."

मी जाऊन पाहिलं. स्क्रीनच्या अगदी उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली होती, 'सेव्ह करू का' विचारत होती. तिला उत्तर मिळेपर्यंत सॉफ्टवेअर पुढे सरकणार नव्हतं. चाचा मध्येच क्लिक करत होते आणि दर क्लिकला कॉम्प्युटर टुंग टुंग वाजत होता.

"चाचा, हे बघा, इथे."

"अरे! ही कधी आली?"

आम्ही दोघं हसलो. हे सगळ्यांचं होतं, माझंही झालंय. पण चाचांचं आठवड्यातून तीन-चारदा व्हायला लागलं. मग मी अशा सगळ्या चौकटी ओढून स्क्रीनच्या मध्यावर आणून ठेवल्या.

पुढे कर्सर हरवायला लागला. मी त्याच्या दोन्ही रेषा मोठ्या केल्या, इतक्या की त्या स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचल्या. मग खाली येणाऱ्या सूचना वाचायच्या राहायला लागल्या. मी अशी सेटिंग केली की सूचना कर्सरच्या शेजारीच उमटाव्यात. सगळ्यांना दोन-दोन स्क्रीन दिले होते, चाचा म्हणाले, "मला दोन नकोत, डोकं गरगरतं." मी दुसरा काढून कपाटात ठेवला.

एक तक्रार मात्र मला सुटेना. "अर्धं ड्रॉइंग गायब होतं," असं ते म्हणायचे. मी जाऊन उभी राहिले की सगळं जागच्या जागी असायचं.

"बघा, आहे की!"

"तू आलीस की येतं गो. तुला घाबरतं ते."

मी ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर नवं टाकलं. तेवढ्याने झालं नाही म्हणून बॉसच्या मागे लागून नवा स्क्रीन मागवला. तो मोठा होता. मोठ्या स्क्रीनवर तक्रार वाढली. मला वाटलं, कनेक्शनची वायर खराब असेल. वायर बदलली.

आज हे लिहिताना वाटतं, की इतक्या वेळा त्या खुर्चीच्या मागे वाकून उभी राहिले, पण एकदाही खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं नाही. तसं पाहायला कारणं भरपूर होती. पॅन्ट्रीत जाताना त्यांचा खांदा दाराला लागायचा. मी बाजूने चहाचा कप पुढे केला की ते दचकायचे. बेसमेंट पार्किंगच्या खांबाला गाडीचा उजवा आरसा दोनदा घासला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "खांब कोणी इथे बांधला? ड्राफ्ट्समनला पकडा." मी हसले.

एकदा त्यांनी काढलेल्या एका शेडच्या प्लॅनमध्ये डाव्या कडेची खांबांची अख्खी ओळ नव्हती. बाहेर जाणारी ड्रॉइंग्ज मीच तपासायचे, त्यामुळे मला सापडलं. मी ओळ काढली, तारीख टाकली आणि कोणाला न सांगता पाठवून दिलं. चाचांनाही सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. पुढे त्यांची ड्रॉइंग्ज मी कडा आधी बघून तपासायला लागले. हे मी नकळत करत होते असं म्हणता येणार नाही. कडांवर चुका असतात हे मला माहीत झालं होतं. का असतात, एवढंच विचारलं नव्हतं.

मग तो संध्याकाळचा प्रसंग घडला. ऑफिस सुटून आम्ही अल नहदात शिरलो होतो. माझ्या टॉवरच्या मागच्या बाजूला छोटा रस्ता आहे, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या असतात. उन्हं उतरली होती पण उजेड स्वच्छ होता. उजवीकडून ग्रोसरीच्या दुकानाचा एक डिलिव्हरीवाला सायकलवर येत होता, पुढे पाण्याची बाटली अडकवलेली. मी त्याला बऱ्याच लांबून पाहत होते. चाचा थांबतील असं धरूनच चालले होते. गाडी थांबली नाही.

"चाचा!" मी ओरडले.

त्यांनी ब्रेक दाबला, पण सायकलच्या पुढच्या चाकाला धडक बसलीच. माणूस रस्त्यावर पडला, बाटली फुटून पाणी गाडीखाली वाहत आलं. आम्ही धावत उतरलो. तो उठून बसला होता, मनगट दुसऱ्या हातात धरून. नेपाळी होता, चाळिशीचा असेल. "ठीक है, ठीक है," म्हणत होता. जणू चूक त्याचीच होती. पोलीस आले. चाचांनी लगेच सांगितलं, चूक माझी. हॉस्पिटलातही तेच सोबत गेले, मागोमाग मी. मनगटाचं हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं.

हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलो असताना मी विचारलं, "चाचा, तो दिसला नाही तुम्हाला?"

"कुठून आला तो?"

"उजवीकडून. केव्हाचा येत होता."

त्यांनी हळूच आपला उजवा हात कानाजवळ नेला आणि बोटं हलवत हलवत पुढे आणायला लागले. नजर समोरच. हात जवळजवळ नाकासमोर आला, बोटं दिसली, तेव्हा थांबले. तसंच डाव्या हाताने केलं. मी बघत होते.

सुट्टीच्या दिवशी माझा नवरा आला होता, त्याने आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं, कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं, अशी तपासणी होती. बराच वेळ चालली. शेवटी यंत्रातून कागद आला. चारही बाजूंनी काळा, मध्ये थोडा पांढरा. समजावून सांगायची गरज नव्हती.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना.

डॉक्टर मल्याळी होत्या, हिंदीत बोलत होत्या. "इतना हो गया, आपको कुछ महसूस नहीं हुआ? कहीं टकराना, चीज़ें न दिखना?"

चाचा म्हणाले, "नहीं डॉक्टर. सामने का तो सब पढ़ लेता हूँ. बस कम्प्यूटर में तकलीफ़ होती थी." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "ये सब ठीक कर देती थी."

कौतुकानेच म्हणाले ते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कागदावर लिहीत राहिल्या. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या. उरलेलं थेंबांनी टिकवायचं. साल-डेढ साल पहले आते तो बहुत कुछ बचता. दीड वर्षापूर्वी मी वायर बदलत होते.

घरी आल्यावर माझ्या मुलीला सांगितलं. अकरावीत आहे ती. तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं, की या आजारात माणसाला स्वतःलाही कळत नाही, मेंदू गाळलेल्या जागा आपोआप भरतो. "सो इट्स नॉट युअर फॉल्ट, मॉम." मी हो म्हणाले आणि भाजी चिरायला घेतली.

बॉस वाईट माणूस नव्हता. चाचांचा हात धरून म्हणाला, "हबीबी, ड्रायव्हिंग खलास. ड्रॉइंग खलास. पर तुम इधर बैठो, पेपर देखो." व्हिसा संपेपर्यंतचे चार महिने चाचा ऑफिसात छापील ड्रॉइंग्ज तपासत बसले. कागद बोटाने सरकवत सरकवत, पट्टी लावून, एकेक चौकोन. आम्ही दोघंही आता बसने यायचो. बसच्या पायरीवर मी त्यांचं कोपर धरायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सोडवून घेतलं, दुसऱ्या दिवशी नाही.

त्या चार महिन्यांत मी रोज ठरवायचे की आज बोलायचं. बोलले ते अगदी शेवटच्या दिवशी, विमानतळावर जाताना. नवरा गाडी चालवत होता, आम्ही दोघं मागे. सामान फार नव्हतं. मुलींसाठी चॉकलेटं, बदाम आणि जुन्या ड्रॉइंग्जची एक गुंडाळी, जी त्यांनी हातातच धरली होती.

मी म्हणाले, "चाचा, मी तुमचा कॉम्प्युटर नीट करत बसले नसते ना, तर तुम्ही वेळेत डॉक्टरकडे गेला असता. ती खांबांची ओळ राहिली होती, तेही मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."

ते म्हणाले, "मला म्हायत होता."

"काय, ओळीचं?"

"सगळाच. माझ्या बापाचा असाच झालेला. आधी बाजूचा गेला, मग पुढचा. शेवटी भिंतीक हात लावून मशिदीत जायचा. मला पहिल्या दिवशी कळला, ती कोपऱ्यातली चौकट तू दाखवलीस ना, तेव्हा. पण डॉक्टरकडे गेलो असतो तर नाव कळला असता. नाव नको होता मला. कॉम्प्युटर बिघडलाय म्हटलं की दिवस जायचा." मग म्हणाले, "तू कशाला मनाला लावून घेतेस?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

विमानतळावर व्हीलचेअर मिळेल का विचारू म्हटलं तर त्यांनी हात झटकला. ट्रॉली पुढे धरून निघाले. बाजूची माणसं त्यांना चुकवत होती, त्यांना ते कळत नव्हतं. दारातून आत गेल्यावर वळून त्यांनी हात हलवला, पण मी उभी होते त्याच्या बरंच डावीकडे बघून. मीही हात हलवला.

आता अधूनमधून फोन होतो. थेंब वेळेवर घालतात, असं त्यांची पत्नी सांगते. डावा डोळा जवळजवळ गेला आहे, उजव्याने वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. अंगणाबाहेर एकट्याने जात नाहीत. माझ्या मुलीची, नवऱ्याची चौकशी करतात, ऑफिसात आता कोण कोण आहे ते विचारतात.

ते खरोखरच पहिल्या दिवसापासून जाणून होते, की मला हलकं वाटावं म्हणून तसं म्हणाले, हे मला ठरवता आलेलं नाही. हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर कानाजवळून बोटं पुढे आणताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. आधीपासून माहीत असलेल्या माणसाचा तो चेहरा वाटला नव्हता. पण तेव्हा भीतीने माझंच लक्ष धड नसेल. फोनवर हे विचारायचं म्हणून मी दोन-तीनदा शब्द जुळवले. मग त्यांनी तिकडच्या आंब्यांच्या मोहोराचं काहीतरी सांगायला घेतलं आणि मी ऐकत राहिले.