साडूंची तहान

माझ्या साडूंइतकं पाणी प्यायलेला माणूस अख्ख्या गोरेगावात नसेल, आणि त्यांच्याबरोबर हिंडून माझ्याइतका दमलेलाही कोणी नसेल. लग्नाला गेलो की यजमानांना भेटायच्या आधी ते बाथरूम कुठे आहे ते बघून यायचे. खांद्याच्या पिशवीत पाच बाटल्या. पाचवी निम्मी झाली की चेहरा पोरका. एकदा आरे कॉलनीतून बसने जाताना त्यांनी दोनदा बस थांबवायला लावली. दुसऱ्यांदा कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही आता चालतच या." मीही मुकाट उतरलो. "सवय हो, लहानपणापासूनची," ते ओशाळून म्हणाले. त्यांच्या आईने या सवयीपायी त्यांना मारलंही होतं म्हणे. आम्ही नुसते हसायचो. मी जरा जास्तच.

मग त्यांच्या लेकीला मुलगा झाला. चार महिन्यांचं बाळ, पण ताप उतरेना, दूध ओकायचं, वजन वाढेना. लंगोट मात्र सतत ओला. औषधं बदलून झाली. एका दुपारी दवाखान्यात त्याच्या कोरड्या ओठांकडे बघत साडू म्हणाले, "डॉक्टर, ह्याला तहान लागलीय. मला कळते ती."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तातलं मीठ भलतंच वाढलेलं निघालं. त्याच दिवशी त्याला हिशेबाने पाणी सुरू झालं. पुढे आजोबा, लेक आणि नातू, तिघांच्याही जनुकांची तपासणी झाली.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावलं. पाणी राखून ठेव, असा निरोप मेंदू मूत्रपिंडाला धाडतो. तो निरोप घेणारं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असावं लागतं. यांच्या जनुकात एका अक्षराची चूक. प्रथिन तयार होतं, पण त्याची घडी नीट बसत नाही, म्हणून पेशी त्याला आतच अडवून ठेवते. निरोप येतो, घ्यायला कोणी नसतं. ही चूक आजोबांकडून लेकीकडे गेली. बाईमाणसाकडे त्या जनुकाची दुसरी, धड प्रत असते, म्हणून तिला त्रास झाला नाही; नातवाकडे एकच, म्हणून त्याच्यात ती उतरली.

"म्हणजे सवय नव्हती ही," साडू हळूच म्हणाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

गोळ्या आणि पाण्यावर बाळाने बाळसं धरलं. घरी सगळे साडूंचं कौतुक करायला लागले, तर ते खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे कळलं तरी."

"झालंही माझ्यामुळेच गं."

लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती चहा टाकायला उठली.