लांब पाठीची गाडी

मनोहरराव उमरेडच्या मोजणी कार्यालयात भूमापक होते. पंचवीस वर्षे त्यांनी लोकांची शेते मोजली. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भावाभावांत कितीही वितुष्ट येवो, मनोहररावांच्या मापावर कोणी बोट ठेवले नाही. माणूस मुळात अबोल. सांगायचे ते नकाशावर काढून मोकळा होणारा.

१९७७च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीच्या, इंदूबाईंच्या, मणक्याला क्षयाने धरले. नागपूरला रामदासपेठेतल्या इस्पितळात दोन महिने ठेवून घेतले, मग घरी पाठवले. दर पंधरा दिवसांनी तपासणीला आणायचे होते. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "बसवून आणू नका. खड्ड्याखड्ड्याला मणका दाबला जाईल आणि पाय जातील. सपाट झोपवून आणा."

एस.टी.च्या मागच्या लांब सीटवर एकदा झोपवून नेले. तिथेच सगळ्यांत जास्त हादरे बसतात. दिघोरी येईपर्यंत इंदूबाईंनी तोंडात धरलेला पदर दातांनी फाटला होता. टॅक्सीत न्यावे तर गुडघे पोटाशी घ्यावे लागत. मनोहररावांनी घर बांधायला नागपुरात घेऊन ठेवलेला प्लॉट विकून टाकला आणि ठरवले, जुनी का होईना, पण मागे सलग जागा असलेली स्टेशन वॅगन घ्यायची. खात्याची जीप चालवून त्यांचा हात बसलेला होता.

गाडी बघायची म्हणजे आधी माप हवे. एका दुपारी इंदूबाईंचा डोळा लागलेला पाहून त्यांनी हलकेच टेप उघडला आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतले. पाच फूट एक इंच. उशी धरून साडेपाच. चिठ्ठीवर टिपले आणि रविवारी पहिल्या बसने नागपूर गाठले.

खात्याच्या जीपा दुरुस्त करणारे भैय्याजी मिस्त्री त्यांच्या ओळखीचे. त्यांनी तीन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. पहिली दणकट होती, पण इतकी उंच की आजारी माणसाला चढवायला चौघे लागावेत. दुसरीला नवा रंग होता, पण आत चाकांवरचे उंचवटे दोन्ही बाजूंनी पुढे आलेले. मनोहररावांनी टेप लावला आणि मान हलवली. तिसरी एका वकिलाची, राखाडी रंग उडालेली अॅम्बॅसिडरची लांब गाडी. मागची सीट पाडली की सपाट जमीन.

मनोहररावांनी चपला काढल्या आणि आत जाऊन उताणे झोपले.

"गाडी घेऊन राहिले का खाट?" भैय्याजी हसले.

"चालवा. जिथं रस्ता खराब असेल तिथून न्या."

"इंजिन तर पाहू द्या गा आधी."

"इंजिन तुम्ही सुधाराल. पाठ कोण सुधारणार?"

भैय्याजींनी पुढे थट्टा केली नाही. इतवारीकडच्या फुटक्या रस्त्याने गाडी अर्धा तास फिरवली. मनोहरराव डोळे मिटून पडले होते. कमरेखाली घडी केलेला पंचा होता, तो आधी काढून पाहिला, मग पुन्हा ठेवून पाहिला. उठल्यावर एवढेच म्हणाले, "हीच."

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांनी मागे नवी कापसाची गादी अंथरली. शेजारच्या तुळसाबाई हात द्यायला आल्या. दोघांनी धरून इंदूबाईंना गाडीपाशी आणले. मागचे दार उघडले, तशा त्या थबकल्या.

"मी यात झोपणार नाही."

"काहून? मी सोता झोपून पाहिलं. अंगाले लागत नाही."

"तुम्ही माह्यं माप घेतलं. मी झोपली नव्हती."

मनोहररावांना कळेना. तुळसाबाईंनी मात्र खाली मान घातली.

"आमच्या बाबूजीची तिरडी बांधाच्या वक्ती असंच माप घेतलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "सुतळीनं. डोक्यापासून टाचेपर्यंत."

"अवं, ते गाडीचं माप होतं."

"मंग मले सांगून काहून नाही घेतलं?"

झोपमोड नको म्हणून, असे मनोहररावांना म्हणता आले असते. पण खरे असे, की शेताला विचारून माप घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

इंदूबाई पुढच्या सीटवर बसल्या. मनोहररावांनी गाडी बैलगाडीसारखी चालवली. प्रत्येक खड्ड्याला शेजारून आवाज येई, तो आवाज ओठांत दाबलेला असे. मागे गादीवर एक सुरकुतीही पडली नव्हती.

"झोपवूनच आणलं ना?" डॉक्टरांनी विचारले.

"हो," इंदूबाई म्हणाल्या. मनोहरराव गप्प राहिले. पुढच्या दोन खेपांनाही इंदूबाई पुढेच बसल्या आणि ते गप्पच राहिले. वाटेत समजूत घालावी, हात जोडावेत, असे दर वेळी मनात येई, आणि चांपा, पाचगाव मागे पडून नागपूर यायचे.

चौथ्या खेपेला अंगणातून गाडीपर्यंत येताना इंदूबाईंच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. तुळसाबाई ती उचलून म्हणाल्या, "इंदूबाई, चप्पल वं." इंदूबाईंनी खाली पाहिले. पाय अनवाणी होता आणि त्यांना ते कळले नव्हते. त्या बराच वेळ पायाकडे पाहत राहिल्या.

"मागं झोपवा मले," त्या म्हणाल्या.

गादी बरोबर पुरली. झोपलेल्या माणसाला खिडकीतून आभाळ दिसते, रस्ता दिसत नाही. थोड्या थोड्या वेळाने मागून आवाज येई, "कुठवर आलो?" मनोहरराव गावाचे नाव सांगत.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. डाव्या पायाला घोट्यापर्यंत काही कळत नव्हते, उजव्यालाही बोटे बधिर. "गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही," ते म्हणाले. "उरलेलं सांभाळू." या वेळी मनोहररावांनी आधीच्या तीन खेपांचे खरे सांगून टाकले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तेच मनोहररावांना जास्त लागले.

परतताना दिघोरी गेली, विहीरगाव गेले. मागून आवाज आला नाही. पाचगावही मागे पडले. मनोहररावांनी गाडी कडेला घेतली, उतरून मागचे दार उघडले. इंदूबाई जाग्या होत्या.

"काहून थांबले?"

"तुमचा आवाज नाही आला."

एवढ्या वर्षांच्या संसारात ते बायकोला प्रथमच 'तुमचा' म्हणाले. दोघांच्याही ते ध्यानात आले नाही.

"विचारून विचारून थकली मी," इंदूबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगत जा ना."

मनोहररावांनी दार हलके लावले आणि गाडी सुरू केली. काही वेळाने मान किंचित मागे वळवून ते म्हणाले, "चांपा आलं."

मागून हुंकार आला.

"आता चढ हाय थोडा. मंग उदासा."

इतके बोलायची त्यांना सवय नव्हती. घसा खाकरून ते पुढचे सांगू लागले.