तळहातावरची चव

कारखान्याच्या भटारखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. दोन्ही पाळ्यांचं जेवण तिच्या हातचं. अंगानं आडवी, कोठीच्या दारातून तिरकी होऊन जायची आणि वर म्हणायची, दारच हल्ली आकसलंय.

उजवा गुडघा मात्र पार कामातून गेला होता. तो बदलला नाही तर चुलीपुढं उभं राहणं संपलं, आणि चूल सुटली की आपण संपलो, हे तिला पक्कं ठाऊक. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू.

घरी नणंद होती, नवऱ्याची थोरली बहीण. तिनं हे काम अंगावर घेतलं. आधी भात बंद, पोळी चालू. मग तिच्या कानावर आलं, की भात काय, पोळी काय, दोन्ही सारखंच, किती खाता ते बघा. मग एकच पोळी, वाटीभर डाळ, बाकी काकडी. बटाटा हद्दपार, तेल चमच्यानं मोजून. नवरा कुरकुरायचा, गुडघा हिचा नि पथ्य माझं. त्याचे गाल बसले, पण अक्काचा काटा हलेना. वहिनी चोरून खाते, या संशयानं नणंदेनं डबेसुद्धा हुंगले. अक्कानं गळ्याशपथ सांगितलं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

एकदा अक्का चष्मा घरीच विसरली. नणंद तो द्यायला भटारखान्यात गेली आणि दारातच थबकली. अक्कानं डाळीचं झाकण काढलं, पळीभर डाळ डाव्या तळहातावर ओतली, चाटली. मीठ टाकलं, पुन्हा चाटली. शीत दाबून पाहिलं, ते तोंडात. भाजीची फोड तोंडात. मग दुसरं पातेलं, तिसरं.

"वहिनी, हे कुठल्या पोटात जातं?"

अक्काला प्रश्नच कळला नाही. "हे खाणं आहे का, ताई? ही चव झाली."

त्या रात्री अक्कानं दिवसभरात चाखलेल्या पळ्या बोटांवर मोजल्या.

दुसऱ्या दिवसापासून अक्कानं चाखणं सोडलं. दुसऱ्या कुणाला चाखायला दे, असं नणंद म्हणाली. दुसऱ्याच्या जिभेवर माझं मीठ कसं ठरणार, म्हणत तिनं ते उडवून लावलं. वासावर आणि अंदाजावर काही दिवस निभावलं. मग एक दिवस भाजी अळणी गेली, पुढं डाळीत मीठ दुप्पट पडलं. कामगार ताटं तशीच सारून उठले. भटारखान्याचा मुकादम माणूस वाईट नव्हता. म्हणाला, थोडे दिवस भांड्यांवर या, जीभ ताळ्यावर आली की बघू. खरं काय ते अक्का सांगू शकली असती. नाही सांगितलं.

वजन मात्र झरझर उतरलं. डॉक्टर खूश झाले, गुडघा बदलला. अक्का सरळ चालत कामावर परतली, तर चुलीपुढं नवा आचारी. लोकांच्या तोंडात त्याची चव बसली होती. मुकादमानं नुसतं मोरीकडं पाहिलं.

आता ती दिवसभर उभी राहू शकते. समोर हंडे येतात, तळाला डाळ चिकटलेली. ती पळीनं खरवडते, डावा तळहात आपसूक पुढं होतो. तोच हात मग ती नळाखाली धरते.