पाठाचं मूल

समाजशास्त्रातली बी.ए. घेऊन आशालता पनवेलच्या एका गतिमंद मुलांच्या विशेष शाळेत मदतनीस म्हणून शिरली आणि बघता बघता वर्ग सांभाळू लागली. मुख्याध्यापिका भावनाताईंनी शेवटी सांगून टाकलं, "विशेष बी.एड. कर आणि पुनर्वसन परिषदेची नोंदणी घे. नाहीतर मला तुझ्याकडून वर्ग काढून घ्यावा लागेल." म्हणून पंचेचाळिशीला आलेली ही बाई खारघरच्या कॉलेजात लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी जाऊन बसली.

अभ्यासाला ती भ्याली नाही. भ्याली शेवटच्या पाठाला. बाहेरून परीक्षक शाळेत येतात, त्यांच्यासमोर एका मुलाला एक गोष्ट शिकवून दाखवायची. वर्षभर आशालताने दिपिकावर मेहनत घेतली होती. दिपिका रोडपालीची, बोलणं जेमतेम. आजी गोदूबाई तिला रोज रिक्षाने आणायची. शिकवायचं काय, तर लिंबू सरबत. पिळणं जमलं, साखर जमली. ढवळताना चमचा वाजला की मात्र पोर कधीकधी ग्लास भिरकावून द्यायची.

आदल्या दिवशी कॉलेजातली बरोबरची अंकिता म्हणाली, "मॅडम, वेड्या आहात का? ज्याला येतंय तेच मूल बसवायचं! सगळे तेच करतात. सुरुवातीला जरा चुकू द्यायचं, म्हणजे शिकल्यासारखं दिसतं."

आशालताने तिला झापायला हवं होतं. तिने विचारलं, "इरा चालेल?"

वर्गातल्या इराला सरबत केव्हापासूनच येत होतं. आणि हे गोदूबाईला फोन करून सांगायचीही आशालताला हिंमत झाली नाही.

सकाळी दिपिका नव्या फ्रॉकात आली, दोन वेण्या, त्यांवर अबोलीचा गजरा. गोदूबाई फाटकावरच्या गणूला ऐकवत होती, "आज आमच्या पोरीची परीक्षा हाय!"

"आजी, तुम्ही दोघी जरा बाहेर बसा हं," म्हणत आशालता इराचा हात धरून आत गेली.

पाठ अगदी देखणा झाला. परीक्षक शशिकलाबाईंनी सरबत पिऊन विचारलं, "किती दिवस लागले हिला?"

"पंधरा दिवस." खोटं किती सहज निघालं! तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. दिपिका काचेला नाक लावून उभी होती आणि बोटाने हवेत ढवळत होती.

जेवणाच्या सुट्टीत आशालता परीक्षकांसमोर जाऊन उभी राहिली. "मॅडम, इराला सगळं येत होतं. मी फसवलं. माझा पाठ पुन्हा घ्या, दिपिकाबरोबर."

शशिकलाबाईंनी डब्यातून मान वर केली नाही. "अहो, न येणारं मूल चमचा असा धरतं का? कळलं मला तेव्हाच. पण सगळेच असं बसवतात, कुणाकुणाला नापास करू? पास केलंय तुम्हाला. अजून पाठ बघायचेत, जा बघू आता."

चारचौघांत फाडफाड बोलल्या असत्या तरी आशालताला बरं वाटलं असतं. हे असं सगळ्यांच्या रांगेत बसवून माफ करणं तिला गिळवेना.

बाहेर गोदूबाई बाकावर तशीच बसली होती. "बाई, आमची नापास झाली काय?"

"नाही हो आजी. परीक्षा माझी होती."

"मंग हिला कशापायी नाय घेतली? काल घरी पावनं आलतं, सगल्यांना सरबत दिला हिनं. येक गिलास नाय फोडला."

"मी घाबरले, आजी."

"कुनाला? आमच्या दिपिकाला?"

गोदूबाईने नातीचा फ्रॉक झटकला, पिशवी उचलली. "उद्या आनू का नको हिला?"

"आणा," आशालता म्हणाली. नजर पोरीच्या गजऱ्यावरच खिळलेली. वर आजीच्या तोंडाकडे तिला बघवलं नाही.