बिराजदार सरांची दगडी बॅच

आमची जुनी बॅच जमली की नवीन काही बोलणं होतच नाही. तेच किस्से! आणि दर वेळी प्रत्येक किश्श्यावर एखादा थर चढलेला असतो. थरावर थर चढणं हा तसाही आमच्याच धंद्यातला विषय. फरक एवढाच, की लाव्हाचा थर गार झाला की दगड होतो. आमचे किस्से अजून गारच झालेले नाहीत.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात जो तो कुठला ना कुठला क्लास लावून राहिला होता. गल्लीगल्लीत डॉक्टर आणि इंजिनिअर घडत होते. आणि आम्ही काहीजण नांदेडला भूगर्भ तंत्रज्ञाच्या कोर्सला! दगडांचे नमुने गोळा करायचे, बोअर मारताना निघालेले दगड खोक्यात ओळीनं लावायचे, भूकंपाच्या मशीनची निगा राखायची, हे आमचं शिक्षण.

मी कंधारचा. कोर्सला जातोय कळल्यावर मामा घरी आले, माझ्या शेजारी बसले आणि पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मार्क तर बरे होते ना रे? मग असं कसं झालं?"

जसं काही मला एसटीनं उडवलं होतं!

*

आमचे बिराजदार सर निलंग्याकडचे. घरात कानडी, वर्गात मराठी आणि राग आला की दोन्ही. खूश झाले की मान डोलवत "हौदु, हौदु" म्हणायचे. म्हणजे हो, हो.

एकदा त्यांनी आम्हाला विष्णुपुरीच्या धरणावर नेलं. काठावरचा एक भला मोठा दगड हातोडीनं वाजवून विचारलं, "सांगा, हा दगड इथं कसा आला?"

सरांना उत्तर हवं होतं लाव्हा, ज्वालामुखी, कोट्यवधी वर्षं. आमच्यातला सलीम नांदेडचाच. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, सगळं खानदान शहरातलं. त्यानं हात वर केला.

"ट्रकनं आला, सर. आमचे चाचा होते इथं ट्रकवर."

सगळी बॅच फुटली. सर मात्र शांत. "बरं. ट्रकच्या आधी कुठं होता?"

"खदानीत, सर."

"आणि खदानीच्या आधी?"

सलीमनं प्रामाणिकपणे विचार केला. "त्याच्या आधी चाचा कामाला न्हवते, सर."

*

मग मी एकदा कंधारला गेलो होतो, तिथून येताना पोतंभर नमुने घेतले. आमच्या भागातला गुलाबी ग्रॅनाइट फार देखणा! एसटीत पोतं सीटखाली सरकवत होतो, तेवढ्यात कंडक्टरनं बूट लावून बघितला.

"काय भरलंय?"

"दगड."

"कुठं चालवलाव?"

"नांदेडला. अभ्यासाला."

त्यानं मला एकदा आणि पोत्याला एकदा नीट बघितलं. मग ड्रायव्हरकडं तोंड करून ओरडला, "गाडी जरा दमानं घ्या वो! नांदेडचे दगड संपलेत, आपल्या कंधारचे चाललेत!"

त्या दिवसापासून त्या रूटवर माझं नाव 'दगड' पडलं. एकदा स्टँडवर गाडी सुटत होती, मी धावत होतो आणि आतून आवाज आला, "थांबा थांबा, दगड येऊन राहिला!"

*

जमिनीत बोअर मारताना दगडाचा गोल दांडा बाहेर निघतो, त्याला कोअर म्हणतात. एकेका तुकड्यावर तो किती खोलातून निघाला ते लिहायचं आणि खोक्यात क्रमानं लावायचं. तुकडा हरवला की सरांचा चेहरा असा व्हायचा, जसा काही पृथ्वीचाच एक मजला गायब झालाय.

एकदा खरंच एक तुकडा गायब झाला. छान काळा बॅसाल्ट, वीतभर लांब, गुळगुळीत. आम्ही सगळी खोकी उपसली. सर दोन दिवस कानडीत बोलत होते.

त्याच आठवड्यात ईद आली. सलीमनं सगळ्यांना घरी बोलावलं, सरांनाही. सर पक्के शाकाहारी, म्हणून सलीमच्या अम्मीनं त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात बेत केला होता. भाकरी, वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. सरांनी चटणी चाटली आणि डोळे मिटले. "हौदु, हौदु! अम्मी, ही मिक्सरवर केलेली नाही."

"मिक्सर कायकू साब," अम्मी आतून म्हणाल्या, "अबी कूटी मैं. ये देखो."

आणि पदराला हात पुसत त्या बत्ता घेऊन बाहेर आल्या. काळा, वीतभर, गुळगुळीत. त्यावर सरांच्याच अक्षरात खोली लिहिलेली!

सलीमचा घास तोंडातच राहिला. तो तुकडा त्यानं रात्री अभ्यासाला म्हणून घरी आणला होता आणि विसरला होता.

सरांनी बत्ता हातात घेतला, फिरवून बघितला, भिंगातूनही बघितला. 

"भारी पत्थर दिया साब तुमने," अम्मी कौतुकानं म्हणाल्या. "हमारा पुराना तो घिस गया था."

सरांनी तो परत त्यांच्या हातात दिला. "घिसणार नाही, अम्मी. लई खोलातून आलाय."

खोक्यातली ती जागा शेवटपर्यंत रिकामी होती. कुणी पाहुणा विचारायचा, तेव्हा सर म्हणायचे, "तो नमुना प्रयोगशाळेत आहे."

*

उषा लातूरची. वडील हायस्कुलात मास्तर. पोरीनं डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी तिला दोनदा बारावीचे क्लास लावले आणि दोन्ही वेळा ती वहीच्या मागच्या पानावर डोंगर काढत बसली. शेवटी ती आमच्यात आली. वडील बरेच दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. ते तिला लागायचं, पण ती दाखवायची नाही.

फील्डसाठी तिला निलंग्याला खोली हवी होती. घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय शिकतीस ग?"

"भूगर्भशास्त्र, काकू."

काकूंनी त्यातला 'गर्भ' तेवढा ऐकला! खोली लगेच मिळाली. वर चहा आणि पोहेही मिळाले. दुसऱ्या दिवशी उषा दात घासत बाहेर आली, तर ओट्यावर गल्लीतल्या तीन सासवा आपापल्या सुना घेऊन रांगेत!

उषानं हात जोडले. "काकू, तसं न्हाई हो ते. मी जमिनीच्या पोटात काय हाय ते बघते."

काकू अजिबात डगमगल्या नाहीत. "एवढ्या मोठ्या जमिनीच्या पोटातलं दिसतंय, अन् माझ्या सुनंच्या पोटातलं बघायला काय होतंय तुला?"

हे उषानं घरी सांगितलं, तेव्हा तिचे वडील हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "मग? काय सांगितलंस त्यांना?"

*

शेवटी शेवटी मला, सलीमला आणि उषाला भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावात पाठवलं. नवं वसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं. कडेला एका छोट्या खोलीत मशीन. गोल फिरणारा कागद, त्यावर रेघ ओढणारा पेन. जमीन हलली की रेघ उडी मारणार.

पहिल्याच आठवड्यात रेघेनं उडी मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तिसऱ्या दिवशीही. आमची तर टरकली! सलीम एसटीडी बूथवर धावला. सर मिळेल त्या गाडीनं आले. मशीनसमोर मांडी घालून बसले. दुपार झाली. पेन थरथरला, उडी मारली. आम्ही तिघं दाराबाहेर!

सर सावकाश उठले आणि खोलीच्या मागं गेले. एक म्हैस भिंतीच्या कोपऱ्याला मन लावून पाठ खाजवत होती.

सर तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "लिहून घ्या. केंद्रबिंदू सापडला."

*

त्याच गावात, मशीनच्या खोलीसमोर चंद्राबाई राहायच्या. जुन्या गावातल्या घरात त्यांचे मालक आणि दोन्ही पोरं गेली होती. सरकारनं दिलेलं पक्कं घर होतं, पण बाई आत जायच्या नाहीत. अंगणातच पत्रा टाकून चूल मांडलेली, तिथंच खाट. घराला कडी. झाडायचं झालं तरी शेजारची सून आत जाऊन झाडायची.

आम्ही दिसलो की रोज एकच प्रश्न. "आज हाललं का, लेकरा?"

"न्हाई हाललं, माय."

मग बाई पुढच्या कामाला.

सर म्हशीच्या भानगडीसाठी आले होते, त्या दिवशी बाईंनी त्यांनाही विचारलं. सरांनी त्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं, तर उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी मशीन बघितलं. सर समजावून सांगू लागले. घर मजबूत आहे, भिंतींत काँक्रीटचे पट्टे टाकलेत, मशीन रात्रंदिवस चालू आहे.

"चालू हाय, दिसून राहिलंय," बाई म्हणाल्या. "पर हाललं की ते कागदावर लिवणार. मला हाक कोण मारणार?"

 

सर बाहेर आले. बाईंच्या अंगणात, घराच्या दारासमोर खाली बसले आणि उजवा तळवा जमिनीवर पालथा ठेवला.

"मी मारतो," म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. "हात उचलायचा न्हाई, सायब."

"नाही उचलत."

बाईंनी पदर डोक्यावर घेतला, कडी काढली आणि आत गेल्या.

 थोड्या वेळानं आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला. सर दचकले, पण हात हलवला नाही. मग खराट्याचा आवाज यायला लागला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला.

तेवढ्यात निलंग्याची शेवटची गाडी फाट्यावर हॉर्न द्यायला लागली. सलीम वाकून हळूच म्हणाला, "सर, गाडी."

"बाई बाहेर आल्या का?"

"न्हाई, सर."

"मग बस खाली," सर म्हणाले. "माझा हात अवघडलाय, जरा तू ठेव."