हरल्या दिवसाची भाकरी

आमच्या घरधन्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आताही घेणार नाही. लढाईत त्यांच्या पायाला गोळी लागली आणि सहा महिने ते कलकत्त्याच्या लष्करी दवाखान्यात होते. परत आले ते अधू पाय आणि फुटबॉलचं वेड घेऊन. इस्लामपूरच्या बाजूला आमचं गाव. कुस्ती म्हटली की अंथरुणावरचा म्हातारासुद्धा उठून बसेल, पण फुटबॉल कुणी पाहिलेला नव्हता.

कलकत्त्यातल्या एका मोठ्या क्लबाचे हे भक्त झाले होते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर त्याच शहरातला एक मुसलमान ड्रायव्हर होता. तो विरुद्ध क्लबाचा. दोघं कुबड्या टेकत मैदानावर जायचे, गर्दीत तासन्‌तास उभे राहायचे आणि भांडत परत यायचे. तिथली रीत अशी, की आपला क्लब हरला की त्या दिवशी घरात मासळी शिजवायची नाही.

ती रीत ह्यांनी गावात आणली. आता आमच्याकडे मासळी सणासुदीलाही नाही, मग सोडायचं काय? ह्यांनी कोरड्यास सोडलं. आमटी नाही, भाजी नाही, नुसती भाकरी मिठाशी खायची. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या हाताला चव नाही, आणि मी रडले. सासूबाईंनी मात्र ते व्रतच धरलं. म्हणाल्या, "द्येव कुठला का असंना, ल्योक धरतोय तर म्या बी धरीन."

हरल्याची बातमी पोस्टकार्डानं यायची. तो ड्रायव्हर त्याच्या क्लबानं ह्यांच्या क्लबाला हरवलं तरच कार्ड टाकायचा, ह्यांना खिजवायला. पलटणीत शिकलेल्या इंग्रजी अक्षरांतलं हिंदी. वर गोल किती झाले ते, आणि खाली, "भाई, आज सूखी रोटी." कार्ड पोचायला आठ दिवस लागत, त्यामुळे आमचा उपास नेहमी शिळाच असे.

मग कलकत्त्यात दंगली पेटल्या आणि कार्डं थांबली. हे लंगडत इस्लामपूरच्या वाचनालयात जाऊन पेपर चाळायचे. दंगलीच्या बातम्या असत, खेळाची ओळ नसे. ह्यांनी तीन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. ह्यांचं जेवण तुटलं. आधी मला त्या क्लबाचा राग यायचा, आता ह्यांच्याच जिवाची भीती वाटायला लागली.

एकदा धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "आवं, तुमचाच क्लब जिंकत असंल, म्हणून येत न्हाई कार्ड."

हे म्हणाले, "एवढा काय जिंकत न्हाई गं आमचा क्लब."

असे दोन पावसाळे गेले. एका दुपारी ताटं वाढत होते आणि पोस्टमन दारात आला. कार्ड बघताच सासूबाईंनी मुकाट्यानं आमटीचं पातेलं मागं सारलं. ह्यांनी कार्ड वाचलं, उलटंसुलटं केलं, पुन्हा वाचलं. ह्यांच्या क्लबानं चार गोल खाल्ले होते. खाली त्याच वेड्यावाकड्या अक्षरात, "भाई, आज सूखी रोटी."

हे ताटावर बसले आणि मला म्हणाले, "कोरड्यास वाढ."

"आरं, हरलाय न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

"लय हरलाय, आये. वाढाया सांग तिला."

त्या दिवशी भाकरी आमटीत कुस्करून, डोळे पुसत पुसत, ते पोटभर जेवले.